नावडतीचे मीठ अळणी ठरू नये



‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण आपल्या घरात अधूनमधून कुणी ना कुणी म्हणतोच. मीठ तेच, चिमूट तीच. पण खाणाऱ्याच्या मनात अढी असली की त्याला ते अळणी लागते. घरात याने फार तर एका जेवणाची गोडी जाते. शेतमालाच्या बाबतीत हेच झाले तर मात्र वर्षभराच्या कष्टाचे मोल जाते. आपण पिकवलेल्या मालाची शेवटची परीक्षा आपण करीत नाही. ती दुसऱ्याची जीभ, दुसऱ्याचे नाक आणि दुसऱ्याचे डोळे करतात. “मला आवडले नाही” आणि “माल वाईट आहे” ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे परीक्षा करणाऱ्याला कळते की नाही, यावर आपला भाव ठरतो.

हा फरक कसा ओळखावा याचा फार बारकाईने विचार ज्या मालाबाबत झाला आहे, तो म्हणजे द्राक्षाची वाइन. नाशिक, पुणे, सांगली या भागांत वाइनची द्राक्षे आता अनोळखी राहिलेली नाहीत. विस्ताराच्या कामात गावोगाव फिरताना बागाईतदार मला विचारतात, “साहेब, एकाच बागेच्या वाइनला एक जण उत्तम म्हणतो आणि दुसरा तोंड वाकडे करतो, मग खरे कुणाचे?” त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. ज्यांच्याकडे द्राक्षाची एकही वेल नाही, त्यांनीही तो वाचावा. यातला धडा गुळाला, तांदळाला आणि आंब्यालाही लागू आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कुणी वाइन प्यावी म्हणून हा लेख लिहिलेला नाही. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. व्यवसायाने वाइन पारखणारे लोक ती पीत नाहीत. घोट तोंडात घोळवून शेजारच्या पिकदाणीत टाकतात. दिवसाला चाळीस-पन्नास नमुने तपासायचे तर डोके ताळ्यावर ठेवावेच लागते.

एक द्राक्ष, अनेक धाटण्या

काळ्या द्राक्षाचा एक मणी बोटांत दाबून पाहा. साल काळी असली तरी रस बहुधा पांढुरकाच निघतो. रंग असतो तो सालीत. रस लगेच वेगळा काढून आंबवला तर वाइन पांढरी होते. साल आणि बिया रसात ठेवून आंबवला तर लाल होते. साल थोडाच वेळ ठेवली तर गुलाबी छटा येते. सालीतून आणि बियांतून रंगाबरोबर टॅनिन उतरते. कडक चहा पिताना किंवा जांभूळ खाताना जीभ आखडल्यासारखी होते ना, तोच हा तुरटपणा.

आंबवताना यीस्ट रसातली साखर खाते आणि तिचा मद्यार्क करते. साखर जवळजवळ सगळी संपली तर वाइनला गोडी उरत नाही. तिला ‘ड्राय’ म्हणतात. थोडी साखर मागे ठेवली तर ती गोडसर राहते. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून त्यातला वायू कोंडून ठेवला की बुडबुड्यांची वाइन तयार होते. पोर्तुगालची पोर्ट आणखी वेगळी. रस अर्धवट आंबला असतानाच त्यात द्राक्षाचे कडक मद्य घालतात. यीस्ट मरते, साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जातो.

आता खरी गंमत पाहा. साध्या पांढऱ्या वाइनला हवा लागून ती तपकिरी पडली आणि तिला शिळा वास आला, तर परीक्षक तिला बाद करतात. पण स्पेनमध्ये हेरेझ गावाच्या परिसरात शेरी नावाची वाइन होते. तिचा ओलोरोसो नावाचा प्रकार मुद्दाम पिंपात हवेशी संबंध ठेवून वर्षानुवर्षे मुरवतात. तिचा रंग तपकिरीच असतो, वास अक्रोडासारखा येतो, आणि तोच तिचा गुण मानतात. म्हणजे एकीचा दोष तो दुसरीचा दागिना.

हे आपल्याला नवे नाही. जनावरांच्या प्रदर्शनात खिल्लार बैलाशेजारी डांगी बैल उभा करा. चपळाई आणि पांढराशुभ्र डौल एवढेच माप धरले तर डांगी मागे पडेल. पण इगतपुरी-अकोल्याच्या धो धो पावसात, भातखाचरांच्या चिखलात कामाला कोण टिकतो ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा. म्हणून जाणता परीक्षक आधी जात पाहतो, मग त्या जातीच्या मापाने बैल पाहतो. तांदळाचेही तसेच. मोकळ्या, लांब दाण्याच्या बासमतीची सवय असलेला माणूस इंद्रायणीच्या भाताला चिकट म्हणून नावे ठेवील. मावळातल्या घरात मात्र तो मऊ, चिकटसर भातच हवा असतो.

परीक्षा कशी चालते

वाइनच्या परीक्षेत डोळा, नाक आणि जीभ यांना क्रमाने काम दिले जाते. पेला वर निमुळता असतो, म्हणजे वास आत कोंडून राहतो. अशा पेल्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७७ साली ठरले. पेला भरत नाहीत. तळाशी थोडीच वाइन ओततात. बाटलीचे नाव झाकलेले असते आणि पेल्यावर फक्त क्रमांक असतो. आधी पांढरी, मग लाल. आधी गोडी नसलेली, मग गोड. आधी हलकी, मग जड, असा क्रम ठेवतात. गोड खाऊन वर चहा प्यायलो की चहा फिका लागतो, हे आपल्याला माहीत आहे. क्रमाचे कारण तेच. परीक्षेपूर्वी तंबाखू, तिखट, अत्तर हे सगळे वर्ज्य असते. मधूनमधून पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा घेतात.

पहिले काम डोळ्याचे. वाइन स्वच्छ आहे की गढूळ? रंग वयाला आणि प्रकाराला साजेसा आहे का? दुसरे काम नाकाचे. पेला हलकेच गोल फिरवून वास घेतात. सडक्या अंड्याचा वास आला तर गंधकाचा वायू झाला आहे. व्हिनेगरचा झणका आला तर जिवाणूंनी तिचा शिरका करायला घेतला आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बहुधा बुचातून दोष उतरला आहे. तिसरे काम जिभेचे. आंबटपणा, गोडी, तुरटपणा आणि मद्यार्काची ऊब यांचा मेळ बसला आहे की एकच गोष्ट पुढे पुढे करते, हे ती पाहते. घोट टाकून दिल्यावर चव किती वेळ रेंगाळते तेही मोजतात.

कॅलिफोर्नियात डेव्हिस येथील विद्यापीठाने गेल्या शतकाच्या मध्यास वीस गुणांची एक पद्धत रूढ केली. तिच्यात स्वच्छता, रंग, वास, आंबटपणा, गोडी, तुरटपणा यांना वेगवेगळे गुण आहेत. ‘एकंदर दर्जा’ या खात्याला वीसांपैकी दोनच गुण ठेवलेले आहेत. यामागचे शहाणपण लक्षात घ्या. एकंदर कसे वाटले ते सांगायला मुभा आहे, पण त्या वाटण्याने बाकीचे अठरा गुण गिळायचे नाहीत.

वर्णन करतानाही नुसते “छान” किंवा “बेकार” म्हणून चालत नाही. आधी काय आढळले ते सांगायचे. सॉव्हिन्यों ब्लाँ या जातीच्या वाइनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा किंवा पेरूचा वास सापडतो. शेनिन ब्लाँमध्ये सफरचंद आणि मध सापडतात. शिराजमध्ये काळी मिरी सापडते. हा कल्पनेचा खेळ नव्हे. मिरीचा वास ज्या द्रव्याने येतो तेच द्रव्य शिराजच्या द्राक्षातही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. या द्रव्याचे नाव रोटंडोन.

त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट निघाली. चाचणीला बसवलेल्यांपैकी सुमारे वीस टक्के लोकांना हा वास बराच तीव्र करूनही आलाच नाही. म्हणजे पाच जण एकाच पेल्यातून वास घेतात, चौघे “मिरी” म्हणतात आणि पाचवा “कुठे आहे?” म्हणतो. पाचवा खोटे बोलत नाही. त्याच्या नाकाला ती खिडकीच नाही. म्हणून एकट्याच्या निकालावर विसंबणे बरे नव्हे.

नाव झाकल्यावर काय घडले

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये झालेली एक परीक्षा या क्षेत्रात अजून सांगितली जाते. स्टीव्हन स्पुरियर नावाच्या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने ती घडवून आणली. फ्रान्सच्या नामांकित वाइन एकीकडे आणि त्या वेळी फारशा कुणी न मानलेल्या कॅलिफोर्नियाच्या वाइन दुसरीकडे, अशी ती मांडणी होती. निकालासाठी ज्यांचे गुण धरले ते नऊही परीक्षक फ्रेंच, आणि सगळे जाणते. बाटल्यांची नावे झाकली होती आणि गुण वीसांपैकी द्यायचे होते.

निकाल लागला तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची शॅटो मॉन्टेलेना पहिली आली. लालमध्ये स्टॅग्ज लीप पहिली आली. लालमधला फरक अगदी थोडा होता, पण पहिला नंबर तो पहिला नंबर. एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाची वाइन चाखून ती फ्रान्सचीच असे समजून समाधान व्यक्त केले होते. निकाल ऐकल्यावर एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली.

आपल्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट निराळीच आहे. मॉन्टेलेनाच्या त्या वाइनसाठी द्राक्षे बाहेरच्या शेतकऱ्यांकडून विकत घेतली होती. त्यांत सोनोमा भागातल्या बाचिगालुपी कुटुंबाच्या मळ्यातला माल होता. बाटलीचे नाव उघडे असते तर बहुधा या माणसांच्या द्राक्षांना तो मान मिळाला नसता. नाव झाकले म्हणून गुण दिसला. सौद्याला माल नेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. गावाचे किंवा अडतीचे नाव ऐकूनच भाव बोलला जातो, तेव्हा परीक्षा मालाची होत नाही.

दोन पारखी, दोन निकाल

पण नाव झाकले की सगळे मतभेद मिटतात असेही नाही. आवडीचा प्रश्न उरतोच.

२००३ सालच्या उन्हाळ्यात युरोपात भयंकर उष्मा झाला. फ्रान्समध्ये बोर्दो भागात सेंतेमिलियों हे गाव आहे. तिथल्या शॅटो पाव्ही या मळ्याची त्या वर्षीची लाल वाइन फार पिकलेल्या द्राक्षांची, गडद, दाट आणि जड झाली. अमेरिकेचे रॉबर्ट पार्कर हे मूळचे वकील. १९७८ पासून ते वाइनचे पत्रक काढीत आणि शंभरांपैकी गुण देत. त्यांनी या वाइनला पंच्याण्णवच्या वर गुण दिले. इंग्लंडच्या जॅन्सिस रॉबिन्सन यांनी तिला वीसांपैकी बारा दिले. त्यांच्या मोजणीत हे फारच कमी. २००४ साली या एका वाइनवरून दोघांत जाहीर वाद झाला आणि तो दोन्ही देशांत गाजला.

दोघेही कच्चे नव्हते. दोघांनी आयुष्यभर हेच काम केले होते. मग फरक का पडला? दोघे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. पार्कर यांना त्या वाइनमधला दाटपणा, भरदारपणा आणि पिकलेपण हाच गुण वाटला. रॉबिन्सन यांचे म्हणणे असे की ही वाइन पोर्टच्या वळणावर गेली आहे, आणि बोर्दोच्या लाल वाइनकडून ज्या धाटणीची अपेक्षा असते ती हिच्यात नाही. एकाने भार पाहिला, दुसऱ्याने जात पाहिली.

अशा वेळी वाचणाऱ्याने काय करावे? परीक्षकाचा कल ओळखावा. एकाच परीक्षकाचे दहा-वीस निकाल पाहिले की त्याला भारदस्त माल रुचतो की नाजूक, हे कळू लागते. आपल्या गावातही अमक्याने “तिखट आहे” म्हटले तर ते खरोखर जळजळीत असणार, आणि तमक्याने म्हटले तर नुसते चवीपुरते असणार, हे आपण जाणतोच. निकालाबरोबर निकाल देणाऱ्याची जीभही तोलावी लागते.

पार्कर यांचे गुण बाजारात भाव ठरवू लागले, तेव्हा त्याचा परिणाम थेट शेतापर्यंत गेला. फ्रान्सपासून ऑस्ट्रेलियापर्यंत अनेक बागांत द्राक्षे वेलीवर जास्त दिवस ठेवणे, घड विरळ करून उत्पन्न कमी करणे आणि वाइन नव्या ओकच्या पिंपांत मुरवणे वाढत गेले. दाट, गडद, पिकलेल्या धाटणीकडे लोक वळले. जिथली हवा हलक्या, आंबटसर वाइनला योग्य, तिथेही काहींनी तेच धरले. सगळा दोष एका माणसाचा म्हणता येणार नाही. त्याने आपली आवड प्रामाणिकपणे सांगितली. बाजाराने ती सर्वांचे माप करून टाकली. पार्कर २०१९ साली निवृत्त झाले. तोपर्यंत पुष्कळ उत्पादक पुन्हा हलक्या धाटणीकडे वळू लागले होते. पण वेल लावायला आणि तिला वळण द्यायला वर्षे लागतात. जिभेची लहर त्या मानाने लवकर फिरते.

पारख्यांचीही परीक्षा

परीक्षकांवर आंधळा विश्वास का ठेवू नये, याची दोन उदाहरणे पाहा.

फ्रान्समधील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्र शिकणारे ५४ विद्यार्थी घेतले होते. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती त्यांच्यापुढे ठेवली. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला वापरायच्या शब्दांत केले. डोळ्याने नाकाला फसवले.

दुसरा प्रयोग कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रदर्शनातला. रॉबर्ट हॉजसन हे निवृत्त प्राध्यापक आणि स्वतः छोटे वाइन उत्पादक. आपल्या वाइनला एका स्पर्धेत सुवर्ण आणि दुसरीकडे काहीच नाही, असे का होते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यांनी परीक्षकांपुढे एकाच बाटलीतली वाइन तीन वेगवेगळ्या क्रमांकांनी, इतर नमुन्यांत मिसळून ठेवण्याची व्यवस्था करवली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिन्ही वेळा जवळपास सारखाच निकाल देणारे परीक्षक दहांत एकच निघाले.

म्हणून परीक्षाच बंद करावी का? नाही. वजनकाटा थोडा इकडेतिकडे होतो म्हणून आपण माल डोळ्यांनी मोजत नाही. काटा दुरुस्त करतो, दोनदा मोजतो. परीक्षेतही अनेक परीक्षक, झाकलेली नावे, पुन्हा ठेवलेला नमुना आणि जातवार वर्ग असले की न्याय जास्त होतो. वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांखाली भरणाऱ्या स्पर्धांत एकूण नमुन्यांपैकी तीस टक्क्यांपेक्षा जास्त नमुन्यांना पदके देता येत नाहीत. सर्वांनाच बक्षीस मिळाले तर बक्षिसाला किंमत राहत नाही, हे आपल्या शाळेतल्या मुलांनाही कळते.

आपल्या बागा, आपली गुऱ्हाळे

महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. खायच्या द्राक्षात आपण मोठा, लांबट, बिनबियांचा, करकरीत मणी पाहतो. थॉमसन, सोनाका, माणिक चमन यांनी आपले डोळे तसेच तयार केले आहेत. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया. खायच्या द्राक्षाच्या मापाने तो माल भिकार ठरतो. पण जाड सालीतच रंग, वास आणि टॅनिन असते. तेव्हा इथेही पहिला प्रश्न हाच, की हा माल कशासाठी पिकवला आहे?

जे वायनरीला द्राक्षे घालतात त्यांना माझे सांगणे असे. आपल्या मालाच्या साखरेची म्हणजे ब्रिक्सची, आंबटपणाची आणि पीएचची नोंद स्वतःकडे ठेवा. फक्त गोडी वाढली म्हणून काम झाले असे समजू नका. आपल्या उन्हात गोडी चढते तसा आंबटपणा झपाट्याने उतरतो, आणि आंबटपणा गेला की वाइन मिळमिळीत होते. कोणत्या धाटणीची वाइन करायची आहे हे हंगामाआधीच विचारून घ्या. बुडबुड्यांच्या वाइनला द्राक्षे लवकर तोडावी लागतात, भरदार लालसाठी उशिरा. माल नापसंत झाला तर “आवडला नाही” हे कारण घेऊ नका. दोष कोणता, तो आकड्यात किती, हे कागदावर मागा. करारातही तसेच लिहून घ्या.

आणि एकाच गिऱ्हाइकाच्या जिभेवर सगळी बाग टांगू नका. २००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घटली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांची वाइनची द्राक्षे पडून राहिली. कित्येकांनी त्या वेली काढून टाकल्या किंवा त्यांवर खायच्या जातीची कलमे केली. त्या बागांत दोष नव्हता; घेणारा नव्हता.

आता गुळाचे पाहा. कोल्हापूरच्या सौद्यात पिवळाधमक गूळ उठून दिसतो. पिवळ्या रंगाला भाव मिळतो म्हणून काही गुऱ्हाळांत काहिलीत हायड्रोस पावडर पडू लागली. गडद तपकिरी गूळ रवाळ, खमंग आणि स्वच्छ असला तरी नुसत्या रंगावरून मागे पडू लागला. पार्कर यांच्या गुणांनी द्राक्षबागांत जे केले, तेच इथे पिवळ्या रंगाने केले. एक आवड सगळ्यांचे माप झाली आणि पिकवणारा आपला चांगला माल बदलू लागला. अलीकडे शहरांतली गिऱ्हाइके पावडर न घातलेला गडद गूळ मुद्दाम मागू लागली आहेत. रंग तोच, नजर बदलली.

घरी करून पाहा

ही पारख शिकायला वाइनची मुळीच गरज नाही. गूळ पुरे. चार-पाच ठिकाणचा गूळ आणा. ज्या माणसाला चव पाहायची नाही त्याने सारख्या वाट्यांत तो ठेवून प्रत्येक वाटीखाली क्रमांक लिहावा आणि कुठला गूळ कुठे हे आपल्यापाशीच ठेवावे. मग घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून शाळेतल्या नातवापर्यंत, एक कागद द्या. कागदावर दोन रकाने आखा.

पहिला रकाना ‘गुणाचा’. रवा कसा आहे? खारट किंवा करपट लागतो का? पाण्यात विरघळल्यावर गाळ किती राहतो? वास स्वच्छ आहे का? कशाला योग्य, पुरणाला, चिक्कीला की चहाला? प्रत्येकाने हे आपापले लिहावे, एकमेकांना विचारू नये. घरातल्या कर्त्याने तर सर्वांत शेवटी बोलावे. तो आधी बोलला की बाकीच्यांच्या जिभा त्याच्यासारख्याच होतात.

दुसरा रकाना ‘आवडीचा’. तिथे मनाला येईल ते लिहावे. कुणी कारण विचारायचे नाही.

मग दोन्ही रकाने समोरासमोर ठेवा. गुणात पहिला आलेला गूळ आवडीत तिसरा असेल. काहींना ज्या गुळावर ते वाढले तोच आवडेल, मग त्यात गाळ असो. यात चुकीचे काही नाही. घरात खायला आपल्या आवडीचाच गूळ आणावा. पण विकायला करताना, किंवा शेजाऱ्याच्या गुऱ्हाळाबद्दल चारचौघांत बोलताना पहिला रकाना पाहावा.

आणखी एक कसोटी आहे. तीन वाट्या ठेवा. दोनांत एकच गूळ, तिसऱ्यात वेगळा. वेगळी वाटी कोणती ते ओळखायला सांगा. डोळ्यांना फरक दिसत असेल तर डोळे मिटून चव पाहा. बारा जणांनी नुसता अंदाज मारला तरी साधारण चार जण बरोबर येतात. आठ किंवा जास्त बरोबर आले तर फरक खरा आहे असे समजावे. त्याहून कमी आले तर “आमचा गूळ शेजारच्यापेक्षा शंभर पटींनी सरस” हा अभिमान जरा आवरता घ्यावा. बचत गट किंवा शेतकरी कंपनी लोणचे, पापड, मसाला, तांदूळ विकत असेल, तर माल बाजारात नेण्यापूर्वी ही कसोटी जरूर घ्यावी. तिला खर्च नाही; अर्धा तास लागतो.

जिभेला शिस्त लावणे म्हणजे आवड मारणे नव्हे. आवड आपली, ती आपल्याजवळ असावी. निकाल मात्र मालाचा द्यावा. आपल्या मालाला न्याय मिळावा असे ज्याला वाटते, त्याने दुसऱ्याच्या मालाला तो आधी द्यायला शिकावे. उद्या शेजारणीने वाटीभर आमटी पाठवली तर “मला चिंच जास्त लागते” असे म्हणा. “आमटी बिघडली” असे म्हणू नका. परीक्षेचा पहिला धडा तिथूनच सुरू होतो.